शाकारलेली बाटली

आमच्या घरात गेली तीन पिढ्या एक बाटली आहे. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसानं लेखाची सुरुवात अशा वाक्यानं करू नये, हे मला कळतं. पण बाटली खरोखरच आहे, दारूचीच आहे, आणि ती देव्हाऱ्याशेजारी आहे. यातलं काहीच मी केलेलं नाही.

ही बाटली इतर बाटल्यांसारखी नाही. तिचं पोट सुटलेलं आहे आणि तळ गोल आहे, त्यामुळं ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. (काउंटरवर वीस वर्षं बसल्यावर माझाही आकार साधारण असाच झाला आहे, पण मला खुर्ची आहे.) तिला उभं धरायला खालून गवताचं विणलेलं वेष्टन होतं. आजी तिला ‘शाकारलेली बाटली’ म्हणायची. पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात तशी. मूळ गवत कधीच झडलं. आजोबांनी काथ्या घेऊन स्वतःच्या हातानं तिला नवं छप्पर विणलं आणि आजीनं त्यात समईचं तेल भरलं.

बाटलीवर एका कागदाचा कपटा चिकटलेला आहे. त्यावर रोमन लिपीतली शेवटची चार अक्षरं तेवढी शिल्लक. लहानपणी मी ती जुळवून मोठ्यानं वाचली, ‘आंटी’. झालं! आजोबांना इटलीत कुणा आंटीनं बाटली दिली, अशी बातमी दुपारपर्यंत वाडीभर झाली आणि आजी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. तेव्हा आजोबा सत्तरीच्या घरात होते.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, १९४६ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आले, पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घातली आणि उरलेलं आयुष्य जोंधळा, भजन आणि मौन यांत काढलं. युद्धाबद्दल विचारलं की म्हणत, “थंडी लई.” बस्स. शेवटच्या आजारपणात मात्र एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, “फुलांच्या बायांची राखण केली आम्ही.” डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. आत्यानं डोळ्याला पदर लावला आणि मग आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. कारण फुलांच्या बाया म्हणजे काय, हे पोरांच्या कानांवर जायला नको होतं.

आता गावात युद्धावर गेलेल्यांच्या नावाची शिळा बसते आहे आणि सोबत एक स्मरणिका निघते आहे. प्रत्येक घरानं एक वस्तू आणि पानभर माहिती द्यायची. आमच्या घरातला लेखक मी. दिवाळी अंकात माझं नाव दोनदा छापून आलं आहे, त्यातलं एकदा बरोबर. मी जाहीर केलं, की वस्तू म्हणून बाटली द्यायची आणि माहितीही बाटलीचीच लिहायची. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, “माजा बा माळकरी हुता. बाटलीसंगं त्याचं नाव छापलंस तर माज्या दारात येऊ नगंस.”

आत्याच्या दारात न जाणं मला परवडण्यासारखं नाही. तिच्या हातचं पिठलं हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या मुदतठेवींपैकी एक आहे. पण एकदा खातं उघडलं की मला ते टॅली केल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून मी त्या चार अक्षरांच्या मागे लागलो.

‘आंटी’च्या आधी जी अक्षरं उंदरानं खाल्ली, ती धरून शब्द होतो ‘कियांती’. इटलीत तोस्काना नावाचा प्रांत आहे. त्यात फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन शहरं आणि दोहोंच्या मधल्या डोंगररांगा म्हणजे कियांती. तिथली तांबडी वाइन त्याच नावानं ओळखली जाते. आणि ही वाइन बहुधा एका द्राक्षाची नसते, मिश्रण असतं. इथपर्यंत कुणीही सांगेल. पण पुढं वाचता वाचता माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाचे डोळे भरून आले. कियांती वाइनचा पहिला उल्लेख ना कुठल्या काव्यात आहे, ना ताम्रपटावर. तो आहे चक्क हिशेबाच्या वहीत!

प्रातो गावात फ्रांचेस्को दातिनी नावाचा बडा व्यापारी होता. १४१० साली वारला. त्याच्या वह्यांवर ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावानं’ असं लिहिलेलं असे. आपण ‘शुभ लाभ’ लिहितो, तेच. फक्त त्यानं आडपडदा ठेवला नाही. तर या माणसाच्या हिशेबात १६ डिसेंबर १३९८ ची नोंद आहे : सहा पिंपं कियांती वाइनचे तीन फ्लोरिन, २६ सोल्दी, ८ देनारी देणे, सेर लापो मात्सेई या नोटरीच्या चिठ्ठीवरून अदा करावे. रक्कम आहे, तारीख आहे, माल आहे, कुणाच्या सहीवर द्यायचे तेही आहे. सहाशे वर्षांपूर्वीचं हे व्हाउचर आजही मी डोळे मिटून पास करीन. मेख एवढीच, की या नोंदीतली कियांती पांढरी आहे! म्हणजे जगप्रसिद्ध तांबड्या वाइनचं खातं उघडलं ते पांढऱ्या वाइनच्या नावानं. अशी खाती आमच्याकडेही निघतात. तपासनीस आला की आम्ही चहा मागवतो.

तोस्काना ही तशी आम्हा कारकुनांची काशीच. द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापून काढणारा लुका पाचोली तिथलाच. पुस्तक १४९४ चं. जगातली सर्वांत जुनी चालू बँक १४७२ साली निघाली तीही सिएनातच. म्हणजे आजोबा ज्या मुलखात बंदूक घेऊन गेले, तिथं खरं तर मी लेजर घेऊन जायला हवं होतं.

आता कोंबड्याची गोष्ट सांगतो. ती खरी की खोटी हे विचारू नका. कियांतीतल्या बाटल्यांवर काळा कोंबडा छापतात, तेव्हा त्यांच्या लेखी ती खरी आहे.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांचं हद्दीवरून पिढीजात भांडण. बांधावरून भाऊबंदांचं असावं तसं, फक्त कोर्टाऐवजी सैन्यं. शेवटी ठरलं असं, की एका पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघायचा. वाटेत भेटतील तिथं हद्द. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला दाणे घालून घालून टुमटुमीत केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा घेतला आणि त्याला अंधाऱ्या खुराड्यात उपाशी डांबला. ठरल्या दिवशी काळा कोंबडा भुकेनं कळवळून पहाट व्हायच्या किती तरी आधीच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार सुटला. इकडं सिएनाचा कोंबडा पोटभर जेवून सावकाश उठला. तोवर फ्लॉरेन्सचा गडी सिएनाच्या वेशीपासून फार तर बारा-तेरा किलोमीटरवर, फोंतेरुतोलीपाशी येऊन ठेपला होता. जवळजवळ अख्खी कियांती फ्लॉरेन्सला गेली.

माझं मत विचाराल तर यात त्या कोंबड्यावर अन्याय झाला आहे. उपाशी ठेवून वेळेआधी कामाला लावलेल्या जिवाचं चित्र बाटलीवर छापतात आणि त्याला सन्मान म्हणतात. मार्चअखेरच्या आठवड्यात हे मला फार जाणवतं.

पुढं १७१६ साली तिसरा कोझिमो मेदिची या ग्रँड ड्यूकनं हुकूम काढून कियांती कुठून कुठपर्यंत, हे कागदावर आखून दिलं. वाइनच्या मुलखाच्या हद्दी कायद्यानं आखण्याचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. १९३२ साली सरकारनं ती हद्द इतकी सैल केली, की मूळ मुलखाला ‘क्लासिको’ म्हणून स्वतःची ओळख सांगायची पाळी आली. पुण्यात सदाशिव पेठेचं जे झालं, तेच.

या मिश्रणाचा सूत्रकार मात्र भलताच माणूस निघाला. बॅरन बेत्तीनो रिकासोली. इटली एक झाल्यावर १८६१ साली काव्हूर वारला आणि हे गृहस्थ देशाचे दुसरे पंतप्रधान झाले. टोपणनाव ‘पोलादी बॅरन’. हसू नावाची गोष्ट चेहऱ्याला माहीत नाही. म्हणतात, की तरुणपणी एका नाचाच्या समारंभात कुणी एक तरुण त्याच्या बायकोशी अंमळ जवळून नाचला. बॅरननं तिला बग्गीत बसवलं आणि त्याच रात्री थंडीवाऱ्यातून थेट ब्रोलिओच्या आडरानातल्या किल्ल्यावर नेलं. नाच संपला, शहर संपलं. आता एवढ्या मोठ्या किल्ल्यात रुसलेली बायको आणि कुढणारा नवरा दुसरं काय करणार? बॅरन द्राक्षांच्या मागे लागला. तीसेक वर्षं त्यानं मिश्रणं करून पाहिली आणि १८७२ साली पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून सूत्र कळवलं.

ते सूत्र मी आमच्या हिला आमटीच्या भाषेत सांगितलं, तेव्हा तिला लगेच पटलं. सांजोवेझे हे मुख्य द्राक्ष. वास आणि जोम त्याचा. म्हणजे तूरडाळ. तिचा करकरीतपणा मऊ करायला थोडं कानायोलो. म्हणजे गूळ. आणि मालवाझिया नावाचं पांढरं द्राक्ष, वाइन पातळ करून लवकर प्यायची असेल तर. म्हणजे ऐन वेळी पाहुणे आल्यावर आमटीत घालतात ते पाणी. बॅरननं स्पष्ट बजावलं होतं, की ठेवणीतल्या वाइनमध्ये हे तिसरं घालू नये.

पण सूत्र एकाचं आणि परिपत्रक दुसऱ्याचं. १९६७ साली सरकारनं कियांतीचे नियम केले, तेव्हा निदान दहा टक्के पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत असं ठरलं. तीस टक्क्यांपर्यंत मुभा. पाणी सक्तीचं! पांढरी द्राक्षं भरघोस यायची, माल वाढायचा, वाइन स्वस्त आणि पुचाट व्हायची. गवतात गुंडाळलेल्या बाटलीला इटालियनमध्ये ‘फियास्को’ म्हणतात, आणि फजितीलाही फियास्कोच म्हणतात. त्या वर्षांत एकाच शब्दात दोन्ही कामं भागत होती.

तेव्हा काही बड्या घराण्यांनी बंड केलं. अंतीनोरी घराण्यानं १९७१ च्या द्राक्षांपासून ‘तिन्यानेल्लो’ नावाची वाइन काढली आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षं पार हद्दपार केली. नियमात बसेना म्हणून तिच्यावर ‘टेबल वाइन’ असा शिक्का बसला, म्हणजे अगदी तळची पायरी. आणि किंमत मात्र कियांतीच्या डोक्यावर. हंगामी शिपायाचा पगार मॅनेजरपेक्षा जास्त असावा तसा प्रकार. सरकार हळूहळू वरमलं. १९८४ साली सक्ती दोन टक्क्यांवर आली आणि २००६ पासून क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. परिपत्रकातली चूक दुरुस्त व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली. मला हा वेग ओळखीचा वाटला.

वाचून वाचून माणूस किती काळ कोरडा राहणार? आमच्या हेडकॅशियरच्या मुलानं परदेशातून कियांतीची एक बाटली आणली आणि एका शनिवारी मला त्यांच्याकडे बोलावणं आलं. सोबत तांबडा रस्सा होता. मी पहिला घोट घेतला. आंबट होती. आमसुलासारखी. मागाहून हिरड्यासारखा तुरटपणा दातांच्या मुळाशी जाऊन बसला. मग रश्श्याचा भुरका मारला आणि वर दुसरा घोट. वाचकहो, तिखटावर तुरट वाइन म्हणजे भांडणाऱ्या दोन जावांमध्ये सासूनं येऊन बसणं. आग विझायची सोडून भडकली. हेडकॅशियर म्हणाले, “जमत नाही बुवा.” तेवढ्यात वहिनींनी मुलांसाठी बाजूला काढलेलं अळणी मटण आणलं. मीठ-मसाला बेतानं, चरबीचा तवंग. त्यावर तोच घोट घेतला, तर तुरटपणा चरबीत विरघळला आणि आंबटपणानं तोंड धुतल्यासारखं झालं. पुढचा घास मागावासा वाटला.

यातलं इंगित असं, की तोस्कानाचं जेवणच अळणी. त्यांच्या पावात मीठ नसतं. त्यामुळं सांजोवेझेची आंबट-तुरट धार तिथं चटणीचं काम करते. जाडजूड हाडासकट भाजलेला मांसाचा तुकडा ही फ्लॉरेन्सची प्रसिद्ध डिश, कियानीना जातीच्या बैलाची. त्याचं नाव मी आत्यासमोर काढलेलं नाही आणि इथंही लवकर पुढं जातो. मेंढीच्या दुधाचं चीज चालतं. टोमॅटो चालतो, कारण आंबटाला आंबटच निभावतं. पण खरं गरिबाचं जेवण म्हणजे पांढऱ्या बियांची उसळ आणि शिळा पाव. बाकीचे इटालियन तोस्कानाच्या लोकांना ‘उसळखाऊ’ म्हणून चिडवतात. उसळ, कोबीची पानं आणि शिळा पाव एकत्र शिजवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचा. त्याचं नावच ‘रिबोल्लिता’, म्हणजे पुन्हा उकळलेलं. रात्रीच्या पोळीला सकाळी फोडणी देणाऱ्या महाराष्ट्रानं यावर नाक मुरडायचं कारण नाही.

आणि बडीशेप! तिथं डुकराच्या मांसात बडीशेप घालतात. वाइन विकणारे म्हणे गिऱ्हाइकाला आधी बडीशेप खायला घालायचे, म्हणजे जीभ बधिर होऊन वाइनचा वाईटपणा कळत नसे. ‘बडीशेप चारणे’ या अर्थाच्या शब्दाचा अर्थच तिकडं फसवणे. आपल्याकडे हॉटेलवाले ती बिलासोबत आणतात. म्हणजे फसवून झाल्यावर.

हे सगळं वाचताना अचानक एक पान समोर आलं आणि मी जागीच थांबलो.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला, कियांतीच्याच द्राक्षमळ्यांत, मोंतेगुफोनी नावाचा जुना किल्लेवजा वाडा आहे. युद्धात बाँबपासून वाचवायला फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं तिथं नेऊन ठेवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी इंडियन डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत होती. लेखक एरिक लिंक्लेटर आणि बीबीसीचा एक वार्ताहर त्या वाड्यात पोचले, तेव्हा तिथं मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान मुक्कामाला होते. आणि त्यांच्या बिछान्यांच्या आसपास, भिंतींना टेकवून, जगातली काही अनमोल चित्रं उभी होती. त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं, म्हणजे वसंत ऋतू. दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. नारंगीच्या बागेत उभ्या असलेल्या स्त्रिया. एकीच्या वस्त्रावर फुलंच फुलं आणि ओच्यात फुलं. दुसरीच्या तोंडातून फुलं गळताहेत. मग त्या चित्रांवर पहारे बसले.

फुलांच्या बाया.

मी त्या चित्राचा फोटो छापून घेतला आणि आत्याकडे गेलो. आजोबांच्या फौजेच्या पुस्तिकेत डिव्हिजन आठवीच आहे. पण ते नेमके त्याच वाड्यात होते, याचं व्हाउचर माझ्याकडे नाही, हेही तिला सांगितलं. आत्यानं चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. तिघी जणी हात धरून नाचताहेत, त्यांची वस्त्रं फार म्हणजे फारच झिरझिरीत आहेत. मी जीव मुठीत धरून उभा.

“ह्या व्हय त्या?” आत्या म्हणाली. “चांगल्या घरच्या दिसत्यात.”

मग ती उठली, देव्हाऱ्याजवळची बाटली आणली आणि पदरानं पुसत बसली. म्हणाली, “आंटी-बिंटी काय न्हवती. म्हातारी हुती एक. आबांनी मला सांगितलं हुतं, माज्या लग्नाच्या आदल्या राती. गावावर बाँब पडल्याला. ह्यांनी तिला ढिगाऱ्याखालनं काढली. तिच्या घरात धड एक हेच उरलं हुतं. तिनं दोन भांडी भरली. एकटी पेना. म्हनली आसंल, माज्यासंगं पी. तिचा ल्योक लढाईत गेल्याला. आबा प्यालं. मग माळ घातली ती त्याच्यानंतर. हितं येऊन.”

“आत्या, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“कुनी इचारलं?”

मी वही काढली. तिनं ती बंद केली. मला वाटलं, झालं, पुन्हा नकार. पण तिला काही आठवत होतं.

“म्हातारीनं आधी जेवाय घातल्यालं त्यास्नी. पांढऱ्या घेवड्याची उसळ आन् शिळा पाव. मीठच न्हवतं म्हनं पावात. आबा म्हनायचं, गरीब बाई, मीठबी परवडत नसंल.” आत्यानं वही पुन्हा माझ्यासमोर सरकवली. “लिव्ह तू. पर उसळ आधी लिव्ह.”